करडवाडीच्या तळ्यावरचा सोमवार

उदगीरला चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत ईश्वरप्पांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लाकडी टेबल, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात फ्रेमा आणि काचा घासायचं एक जुनं मशीन. माणूस अंगानं हडकुळा, कपाळाला विभूती, अंगात कायम पांढरा सदरा. बोलणं कमी. गिऱ्हाइकाचे डोळे तपासायची सवय एवढी लागलेली की घरातही ते समोरच्याच्या बुबुळांकडं बघत बोलायचे. त्यांची बायको जगदेवी म्हणायची, "अहो, माझ्याकडं बघा की. डोळे तपासायला मी दुकानात येईन."

पाखरांचा नाद त्यांना लागला तो दुकानामुळंच. काचा आणायला ते हैदराबादला जायचे. तिथं एका जुन्या बाजारात त्यांना लष्करातली म्हणून विकायला ठेवलेली दुर्बीण मिळाली. एका काचेवर बुरशी चढलेली होती. ईश्वरप्पांनी ती खोलून, पुसून, पुन्हा बसवली आणि नीट दिसतंय का हे बघायला माळवदावर चढले. समोरच्या लिंबावर एक हिरवं पाखरू बसलं होतं, कपाळ कुंकवासारखं लाल. लहानपणापासून ज्याची टुकटुक ऐकली तो तांबट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. जेवायला हाका मारून मारून जगदेवी वर आली, तेव्हा हे अजून तिथंच उभे.

तेव्हापासून सोमवारी दुकान बंद ठेवून ते सायकल काढायचे. गळ्यात दुर्बीण, कॅरेजला भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली. कधी हत्तीबेटाकडं, कधी देवणीकडं. गल्लीतले लोक विचारायचे, "आप्पा, पाखरं मोजायला सरकारनं नेमलंय का तुमाला?" ते हसून पायडल मारायचे.

ही गोष्ट १९८६च्या उन्हाळ्यातली. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आधी प्रत्येक कामाला उस्मानाबादचे हेलपाटे असायचे. आता लातूर जवळ आलं, कामं होतील, म्हणून गावागावात गुलाल उधळला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, शाळेतल्या पोरांनी नवा नकाशा पाठ केला. मग पाऊस फिरकलाच नाही. आणि खेड्यातल्या माणसांना नवा जिल्हा कळला तो टँकरवरून. टँकर आला तर जिल्हा हाय, नाही आला तर न्हाई.

त्या सोमवारी ईश्वरप्पा तांबडं फुटायच्या आत निघाले. देवणीच्या अलीकडं करडवाडी नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला निजामाच्या काळातलं तळं. तळं आटून त्याच्या पोटात, सांडव्याच्या बाजूला, एवढंसं डबकं राहिलं होतं. आसपासच्या रानात तेवढंच पाणी. त्यामुळं कुठली कुठली पाखरं तिथं जमायची. दुष्काळात पाखरं बघणं फार सोपं झालं होतं, आणि हे मनात आलं की ईश्वरप्पांना स्वतःचीच लाज वाटायची. तरी ते जायचे.

त्यांना पखुर्डी बघायची होती. कबुतराएवढं, मातकट रंगाचं, उघड्या माळावर राहणारं हे पाखरू. ऊन जरा चढलं की ती थव्यानं पाण्यावर येते, घाईनं पिते आणि उडून जाते. एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं ईश्वरप्पांना सांगितलं होतं की हिचा नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तशाच ओल्या पोटानं उडत जाऊन माळावरच्या पिलांना पाणी पाजतो. पिलं म्हणे बापाच्या पोटाला चोच लावून पाणी ओढतात. ईश्वरप्पांना ते खरं वाटत नव्हतं, आणि खोटं असावं असंही वाटत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला रोजगार हमीची खडी पडली होती. अजून कामावर कुणी आलेलं नव्हतं, नुसते ढीग. पुढं एका ओढ्यात मेलेलं जनावर टाकलेलं आणि त्याच्यावर गिधाडांची गर्दी. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा देवणी जातीचा बैल असावा, कातड्याच्या एका तुकड्यावरून कळत होतं. ईश्वरप्पा थांबले नाहीत. त्या उन्हाळ्यात गिधाडं बघायला थांबायची गरजच उरली नव्हती.

तळ्याच्या बांधावर सायकल चढवताना त्यांना ग्यानोबा भेटला. करडवाडीचा, तिशीतला गडी. दुसऱ्याच्या रानात सालानं राहायचा, आणि त्या साली मालकानंच काम बंद केल्यामुळं रिकामा होता. त्याची आई साखराबाई ईश्वरप्पांच्या ओळखीची. मागच्या वर्षी तिच्या चष्म्याची मोडलेली काडी त्यांनी बांधावर बसूनच तारेनं जोडून दिली होती. तेव्हापासून ते दिसले की ती आपल्या पाटीतली कांदा-भाकर पुढं करायची.

ग्यानोबा घाईत होता. त्यांना बघून दचकला.

"आप्पा, आज कशाला आलात? पाखरं न्हाईत आज."

"बघू की. आलोच आहे तर."

"न्हाईत म्हनलं ना. जावा माघारी, ऊन लई व्हईल."

"आणि साखरामाय कुठं आहे?"

"गावात. आज टँकर येनार हाय. समदं गाव घागरी घिऊन तिथं बसलंय. हिकडं कुनी फिरकत न्हाई आज." असं म्हणून तो भराभरा बांध उतरला आणि गावाच्या वाटेला लागला.

ईश्वरप्पांना त्याचं वागणं जरा चमत्कारिक वाटलं. पण माणूस उपाशी असला की असाच तिरसट बोलतो, असं समजून त्यांनी सायकल बाभळीला टेकवली आणि झुडपाआड बसले.

डबक्यावर काठाकाठानं बगळे उभे होते. लांब लाल पायांचे दोन शेकाटे चिखलात चोची खुपसत फिरत होते. एक खंड्या काटकीवर. ऊन पाठीला लागायला लागलं आणि माळावरून आवाज आला, दोन सुरांचा, घशातल्या घशात घोळवल्यासारखा. पखुर्ड्यांचा थवा डबक्यावरून एक फेरी मारून काठावर उतरला. ईश्वरप्पांनी श्वास रोखून दुर्बीण लावली.

पाखरं पुढं सरकली, चोची बुडवल्या. आणि एक नर सगळ्यांच्या पुढं, पोटापर्यंत पाण्यात गेला. खाली बसला. अंग डावीकडं उजवीकडं हलवत, पिसं फुलवत, कोंबडी अंड्यावर बसते तसा बसला. ईश्वरप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. तेवढ्यात दुर्बिणीच्या गोलात पलीकडचा काठ आला. तीन बाया घागरी घेऊन उतरत होत्या. पुढं साखराबाई. तिनं वाकून, हातानं वरचं पाणी बाजूला सारून, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. मग दुसरी ओंजळ. ईश्वरप्पांनी दुर्बीण पुन्हा नरावर आणली. तो उठला होता. भिजलेलं पोट घेऊन जडपणे उडाला आणि माळाकडं गेला. दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले.

दुर्बीण खाली आणली तेव्हा काठावर काहीतरी बिघडलं होतं. एक शेकाटा दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खात चालत होता. तो गुडघ्यात दुमडला आणि चिखलात तोंड खुपसून पडला. एक बगळा पंख पसरून जागच्या जागी गोल फिरायला लागला. पखुर्ड्यांचा थवा उडाला, पण चार-पाच पाखरं उठलीच नाहीत. आणि आता ईश्वरप्पांना पाण्यावर पांढरं पांढरं काहीतरी दिसलं. मासे होते, पोट वर करून.

ते धावत खाली गेले. पाण्याजवळ वास आला. तुरीवर फवारायच्या औषधाचा वास, त्या भागात कुणालाही ओळखू येईल असा.

"पिऊ नका! पाणी पिऊ नका! औषध हाय त्यात!" ते ओरडत काठाकाठानं पलीकडं धावत सुटले.

पलीकडच्या दोन्ही बायांनी घागरी टाकून दिल्या. त्या अजून प्यायल्या नव्हत्या, आधी घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळत होत्या. साखराबाई मात्र काठावर बसली होती.

"काय झालं आप्पा?"

"साखरामाय, प्यालीस का तू?"

"जरासंक. नरडं सुकलं होतं. टँकर काय आला न्हाई. दिस उगवल्यापून बसलो, शेवटी म्हनलं डबक्यावर जावं." तिनं ओठ पुसले. "कडू लागलं. म्हनलं, आटलेलं पानी, लागनारच."

बोलता बोलता तिच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. तोंडातून लाळ गळायला लागली. ईश्वरप्पांनी तिचा चष्मा काढला आणि तिचं तोंड वर करून डोळ्यांत बघितलं. भर उन्हात बाहुल्या बारीक होतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्या तोंडावर आपली सावली धरली. सावलीतही बाहुल्या मोठ्या झाल्या नाहीत, टाचणीच्या टोकाएवढ्याच राहिल्या.

"एकीनं इथंच थांबा," त्यांनी बायांना सांगितलं. "कुणाला, एका शेरडालासुद्धा पाण्याला तोंड लावू देऊ नका. दुसरीनं गावात जाऊन ओरडा. आणि ग्यानोबाला पाठवा."

त्यांनी साखराबाईला सायकलच्या कॅरेजवर बसवलं, तिच्याच पदरानं तिला आपल्या कमरेशी बांधलं आणि देवणीच्या वाटेला लागले. तिथं सरकारी दवाखाना होता. वाट दोन कोसांची, खडकाळ. चढावर पायडल बसेना, म्हणून गाठ सोडून ते उतरले आणि एका हातानं तिला धरून सायकल ढकलायला लागले. ती एकदा ओकली, दुसऱ्यांदा ओकली. ते तिचं तोंड पुसत आणि पुन्हा ढकलत.

मागून ग्यानोबा धावत आला. पायात काही नव्हतं. आईला बघून तो रस्त्यातच खाली बसला.

"म्याच टाकलं, आप्पा. मासे धरायला म्याच टाकलं. देवनीच्या बाजारात इकायचे होते. मासे वर यीस्तवर पाटी आनायला गेलतो. टँकर येनार होता ओ! कुनी येनार नव्हतं तळ्यावर!"

ईश्वरप्पांना त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. हात मोकळा नव्हता.

"उठ," ते म्हणाले. "धर तिला मागनं."

मग एकानं हँडल धरलं, एकानं आई. असं ते तिघं चालले. वारा नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगाळलेली. साखराबाईचे पाय लटलट कापत होते.

अर्ध्या वाटेवर समोरून धुरळा आला. टँकर. सकाळी यायचा तो आता येत होता. ग्यानोबा हात पसरून रस्त्यात आडवा झाला.

ड्रायव्हर उदगीरचाच होता, ईश्वरप्पांना ओळखत होता. सगळं ऐकून तो खाली उतरला. "आप्पा, गाडी वळवतो. पर भरलेली हाय, बैलगाडीसारखी चालते. आन् परत यायला दुपार टळंल. करडवाडीचं काय?"

ईश्वरप्पांनी वळून गावाच्या दिशेनं बघितलं. करडवाडीत सकाळपासून लोक तहानेले बसले होते. गुरं दावणीला होती. डबक्यावर एक बाई राखणीला ठेवली होती, पण तहानेल्या गावाला एक बाई किती वेळ अडवणार?

"माय, टँकरमदी बसू," ग्यानोबा रडत म्हणाला. "बस लवकर."

साखराबाईची मान खाली होती. तिनं ती उचलली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

"न्हाई. टँकर गावात जाऊ दे."

"माय, आगं..."

"लेकरं हायेत तिथं. गावात जाऊ दे म्हनलं ना."

ड्रायव्हरनं ईश्वरप्पांकडं बघितलं. ईश्वरप्पांनी होकारार्थी मान हलवली. ती मान हलवणं त्यांच्या मानगुटीवर जन्मभर बसलं. "विहिरीत पानी सोडतो आन् असाच पळत येतो माघारी," असं म्हणून ड्रायव्हरनं गाडी काढली. तो खरंच आला. पण तहानेल्या गर्दीत टँकर रिकामा व्हायला वेळ लागला, आणि तो दवाखान्यापाशी पोचला तेव्हा साखराबाईला बाहेरच्या बाकावर आणून ठेवलेलं होतं, तोंडावर तिचाच पदर ओढून. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती. ती पोचली तेव्हा जिवंत होती, पण श्वास छातीत घरघरत होता आणि ऊन कलायच्या आत तो थांबला.

टँकरमधूनच तिला गावी नेलं. संध्याकाळी पारावर माणसं जमली. गावचे पोलीस पाटील गुरुबसप्पा ईश्वरप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, म्हातारी तर गेली. दवाखान्यातनं अजून पोलिसात वर्दी गेलेली नाही. आता ऊन लागून गेली म्हणू. पोरगं तुरुंगात गेलं तर त्याची बायको-लेकरं कुणाच्या तोंडाकडं बघतील?"

"मग डबक्याचं काय सांगायचं?" ईश्वरप्पांनी विचारलं. "पाणी चांगलं आहे म्हणायचं का?"

गुरुबसप्पांनी डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं. ते मनानं वाईट नव्हते. आणि वाद पुढं गेलाच नाही, कारण ग्यानोबा स्वतःच उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "म्या सांगतो. पोलिसाला बी सांगतो. मायला म्या मारलं."

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पांनी दुकान उघडलं नाही. ते पुन्हा करडवाडीला गेले. पंचनामा झाल्यावर गावानं फावडी, टोपली घेऊन डबकं बुजवायला घेतलं. पाणी उपसून टाकायचं तर कुठं टाकायचं? जिथं टाकाल तिथं गुरं चाटणार. म्हणून माती ओढली. दुष्काळातलं शेवटचं पाणी लोकांनी स्वतःच्या हातानं मातीआड केलं. बाया रडत नव्हत्या, नुसत्या पाट्या देत होत्या. मेलेली पाखरं ईश्वरप्पांनी एकेक करून गोळा केली आणि बांधापलीकडं खड्ड्यात पुरली. बगळे, शेकाटे, खंड्या. पखुर्ड्या जास्त करून माद्या होत्या; नर तेच पाणी पोटाला घेऊन माळावरच्या पिलांकडं गेले होते.

ऊन चढल्यावर माळाकडून थवा आला. पाखरांनी ओल्या मातीवरून फेरी मारली, पुन्हा मारली. खाली माणसं. मग थवा दक्षिणेकडं निघून गेला. टोपली घेऊन उभे असलेले ईश्वरप्पा वर बघत नव्हते.

पुढचा पावसाळाही कोरडा गेल्यावर खटला लातूरला चालला. ईश्वरप्पा साक्षीला गेले. सरकारी वकिलानं विचारलं, "त्या वेळी तुम्ही तळ्यावर काय करत होतात?"

"पाखरं बघत होतो."

"म्हणजे?"

"दुर्बिणीनं. पाखरं बघत होतो."

कोर्टात मागं बसलेलं कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. ईश्वरप्पांनी पुढचं सगळं खालच्या आवाजात, पण जसं घडलं तसं सांगितलं. साखराबाईला पाणी पिताना आपण दुर्बिणीतून बघितलं आणि तिच्यावरून दुर्बीण फिरवली, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. ग्यानोबा पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्यानं आपला गुन्हा कबूल केलेलाच होता. त्याला शिक्षा झाली.

परतीच्या एस.टी.त ग्यानोबाची बायको नीलाबाई होती, मांडीवर लहानगी पोर घेऊन. ईश्वरप्पा दांडीला धरून उभे राहिले. तिनं सरकून जागा केली. ईश्वरप्पा टेकले. निम्मी वाट सरल्यावर ती म्हणाली, "आप्पा, तुमी खरं तेच सांगितलं. त्येचा राग न्हाई."

"घरी कसं चाललंय?"

"चाललंय. कामावर जाते खडी फोडायला." तिनं पोरीच्या तोंडावरून पदर घेतला. "पर आमच्या घरचं पानी कुनी पीत न्हाई आता. टँकरवर माझी घागर शिवली की बाया आपली उचलून घेतेत. पोरीनं एका लेकराला तांब्या दिला, तर त्येच्या मायनं तांब्या फेकून दिला. म्हनली, ह्येंच्या हातचं पिऊन मरायचंय व्हय."

ईश्वरप्पांनी तिच्याकडं बघितलं. या वेळी डोळ्यांकडं नाही, सगळ्या माणसाकडं.

पुढच्या सोमवारी ते सायकलवरून करडवाडीला गेले. तळ्याकडं वळले नाहीत. भर दिवसा, पारावर माणसं बसलेली असताना, त्यांनी सायकल नीलाबाईच्या दारात लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नीलाबाई, तहान लागलीय. पाणी दे."

ती दारात आली. समोरच्या घरातल्या बाया उंबऱ्यावर आल्या. नीलाबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली, पण पुढं करायला तिचा हात उचलेना.

"आप्पा, कालच्या टँकरचं हाय. शिळं हाय."

"असू दे."

ते उंबऱ्यापाशीच, जमिनीवर मांडी घालून बसले. तांब्या घेतला आणि थांबत थांबत, सगळा प्यायले. मग रिकामा तांब्या पुढं धरून म्हणाले, "अजून दे."

त्यानंतर बरेच सोमवार ते असे जात राहिले. गावातल्या कुणी लगेच काही बदललं नाही. दोन-तीन आठवड्यांनी पोलीस पाटील गुरुबसप्पा पारावरून उठून आले, त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांनीही तांब्या मागितला. बाकीचे कधी प्यायले, कधी नाही. ग्यानोबा शिक्षा भोगून आला, पण करडवाडीत राहिला नाही. बायको-लेकरं घेऊन किनवटच्या जंगलाकडं कामाला गेला, आणि त्याचं घर पुढं पडलं.

ईश्वरप्पांनी दुर्बीण विकली नाही. पण माणूस नजरेत असला की ती डोळ्याला लावायची त्यांनी सोडली. ते आधी माणूस जाऊ द्यायचे, तोवर पाखरू उडून गेलं तरी.